भुर्रसिंग खोटं बोलत नाही

मुलांना बोलतं कसं करायचं हे कुणाला शिकायचं असेल, तर त्याने सरळ प्रताप नगरात यावं, आमच्या दुसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवावी आणि मला विचारावं! असं मी गेल्या महिन्यापर्यंत छाती फुगवून सांगत होतो. आता घंटा वाजली की मी आधी दाराच्या भिंगातून बघतो, सासरे तर नाहीत ना!

मी जितेंद्र. हिंगण्याला बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात तपासनीस आहे. बायको मिनल एका विमा कंपनीत आहे. मुलगी उन्नती सहा वर्षांची, पहिलीत. ही पोरगी घरात उन्हाळ्यातल्या कूलरसारखी अखंड सुरू असते. फक्त शाळेचं विचारलं की लाइट गेल्यासारखी बंद!

"काय केलं बेटा आज शाळेत?"

"काही नाही."

"डबा खाल्ला?"

"संपला."

संपला! खाल्ला की नाही, यावर अवाक्षर नाही. मुरलेला वकीलही इतकं सावध बोलत नसेल.

त्यात पालकसभेत एक विचित्र प्रकार घडला. उन्नतीच्या बाई मला पाहून चक्क उभ्या राहिल्या आणि आदराने म्हणाल्या, "तुमचं काम किती अवघड हो! तिकडे नेटवर्क तरी मिळतं का?"

मला वाटलं हिंगण्याबद्दल विचारताहेत. मी म्हटलं, "कधी मिळतं, कधी नाही. सवय झाली आता."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं! झाकणं तपासण्यात रडण्यासारखं काय आहे, मला कळेना. उन्नती तेवढी जमिनीकडे बघत होती.

त्याच रात्री मी मिनलला सांगून टाकलं, "आठ दिवसांत पोरगी घडाघडा बोलते की नाही बघ! मी वाचलंय. मुलं आईबापांना सांगत नाहीत ते हातातल्या बाहुल्याला सांगतात."

चौथ्या दिवशी खोकं आलं. आतून जो प्राणी निघाला त्याला डोकं गरुडाचं, अंग सिंहाचं, पाठीवर दोन सोनेरी पंख आणि शेपटीला झुपका. पोटाखालून हात घातला की चोच उघडायची, मिटायची. करंगळी हलवली तर एक पंख फडफडायचा. खोक्यावर नाव होतं ग्रिफिन.

"हे काय आणलं?" मिनल म्हणाली. "कोंबडा?"

"कोंबड्याला अशी शेपूट असते का?"

"मग बकरीला चोच असते का?"

मी तिच्याशी वाद घातला नाही. हात आत सरकवला, आवाज बारीक केला आणि उन्नतीसमोर जाऊन चोच उघडली, "मी सोनेरी डोंगराचा राखणदार! अर्धा सिंह, अर्धा गरुड!"

उन्नतीचे डोळे वाटीएवढे झाले. "नाव काय आहे तुझं?"

"नाव तूच ठेव."

तिने क्षणभर विचार केला. "उडते म्हणून भुर्र, अन सिंह म्हणून सिंग. भुर्रसिंग!"

आणि इथे मी माझ्या आयुष्यातली सगळ्यात हुशार चूक केली. म्हटलं, "भुर्रसिंगला सगळं येतं, पण खोटं बोलता येत नाही. ज्याचा हात याच्या पोटात, त्याच्या तोंडून फक्त खरं निघतं!"

उन्नतीने लगेच हात पुढे केला. भुर्रसिंग तिच्या कोपरापर्यंत चढला आणि गोष्ट सुरू झाली.

"एक होता भुर्रसिंग. तो शाळेत जात होता. त्याच्या आईने डब्यात दोडकं दिलं. भुर्रसिंगने ते सौरवले दिलं, कारण सौरव सगळं खाते. खोडरबरसुद्धा खाते."

मिनलने माझ्याकडे पाहिलं. मी भुवया उडवल्या.

"मग बाईने विचारलं, तुमचे बाबा काय करतात? कोणाचे बाबा डॉक्टर होते, कोणाचे पोलिस होते. भुर्रसिंगचा बाबा झाकणं पाहते. म्हणून त्याने सांगितलं, माझा बाबा जंगलात राहते अन वाघ पकडते!"

आता कळलं बाईंच्या डोळ्यांतलं पाणी! मी वर 'सवय झाली' म्हणून आलो होतो!

पण मला रागापेक्षा अभिमानच जास्त वाटला. पोरगी बोलली! माझी युक्ती चालली! कारखान्यात दोन दिवस मी दुसरं काही बोललोच नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या चारुलता वहिनी शेवयांची खीर घेऊन आल्या. उन्नतीच्या हातात भुर्रसिंग होताच. त्याने चोच उघडली, "आई म्हणते, वहिनींच्या खिरीत शेवयांले पोहणं शिकावं लागते!"

वहिनी वाटी ठेवायच्याऐवजी वाटी घेऊन गेल्या.

"हा प्राणी पाहुण्यांसमोर काढायचा नाही!" मिनल कडाडली. "अहो, तुम्ही हसताय काय? उद्या तुमचं काही निघालं म्हणजे?"

"माझं काय निघणार?" मी म्हटलं. असं म्हणताना माझं लक्ष गॅलरीतल्या कुंडीकडे गेलं आणि हसू आपोआप थांबलं.

त्या कुंडीची हकिगत सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझे सासरे मारोतराव, त्यांना मी मामाजी म्हणतो, सावनेरला राहतात. खाणीच्या ऑफिसात तीस वर्षं हजेरीचं रजिस्टर सांभाळलं. पाच वर्षांपूर्वी रिटायर झाले, दोन एकरांत संत्र्याची चाळीस झाडं लावली आणि दुसऱ्या दिवसापासून असे बोलायला लागले की जणू संत्रा यांनीच शोधला! दोन वर्षांपूर्वी त्यांनी एक कलम मला दिलं. "जवाईबापू, लेकरासारखं जपा याले."

लेकरासारखंच जपलं असतं हो! पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात आम्ही चार दिवस बाहेर गेलो आणि परत आलो तेव्हा कुंडीत फक्त एक काडी उभी होती. मिनल सामान सोडत होती तेवढ्यात मी ती काडी उपटली, कोपऱ्यावरच्या नर्सरीतून त्याच उंचीचं, तसंच हिरवं दिसणारं रोप आणलं आणि लावून टाकलं. ते होतं कागदी लिंबाचं.

मामाजींना काही कळलं नाही. दर महिन्याला येतात, पानांवरून हात फिरवतात, म्हणतात, "पाहा! संत्र्याची पानं म्हणजे राजाची पानं!" यंदा त्याला लिंबं लागायला लागली. मग त्यांच्या येण्याच्या आदल्या दिवशी मी सगळी तोडून फ्रिजमध्ये टाकायला लागलो. घरात लिंबं कधी संपत नाहीत म्हणून मिनल माझ्या बाजारहाटाचं कौतुक करते. हे गुपित फक्त एकाच व्यक्तीला माहीत होतं, कारण तोडलेली लिंबं धरायला कुणीतरी लागायचं. ती व्यक्ती पहिलीत आहे.

आणि शुक्रवारी मामाजींचा फोन आला.

"जवाईबापू, रविवारी येऊन राहिलो आम्ही. सोबत भैयाजी हाय. आमच्या बागायतदार मंडळाचा अध्यक्ष. मी सभेत सांगतलं त्याले, माझ्या जवायाने माझ्या सल्ल्याने कुंडीत संत्रा जगवला! तो म्हणते, डोळ्याने पाहीन अन मग मेळाव्यात तुमचं भाषण ठेवीन. 'कुंडीतला संत्रा'! कसं वाटते?"

"छान वाटतं," मी म्हटलं. माझ्या पायातून जीव निघून खालच्या मजल्यावर गेला होता.

अस्सल बागायतदार! त्याला पान दाखवायचं म्हणजे सोनाराला पितळ दाखवणं. शनिवारी मी बेत ठरवला. कुंडी गॅलरीच्या टोकाला, कपडे वाळवायच्या तारेमागे. तारेवर चादरी ओल्या. पाहुण्यांना लांबूनच झाड दाखवायचं, लगेच जेवायला बसवायचं, पोटभर पाटवडीचा रस्सा वाढायचा, म्हणजे उठून गॅलरीत जायची इच्छाच राहणार नाही! लिंबं तोडली. बरोबर चौदा निघाली. आणि भुर्रसिंग गव्हाच्या रिकाम्या कोठीत, वर घट्ट झाकण. झाकणांतलं मला कळतं!

"भुर्रसिंग कुठं गेला?" रविवारी सकाळी उन्नती.

"सोनेरी डोंगरावर. रजेवर."

"मला न सांगता?"

"अचानक बोलावणं आलं त्याला."

पाहुणे आले. मामाजी पुढे, पांढराशुभ्र सदरा घालून, चेहऱ्यावर भाषणाची तयारी. मागे भैयाजी, उंच, रापलेला, मोजकं बोलणारा माणूस. सगळ्यात मागे माझ्या सासूबाई, शामलामामी. मामी शेतकऱ्याच्या घरातल्या, पण लग्नानंतर त्यांचा शब्दसंग्रह तीन शब्दांचा राहिला: 'हो', 'बरं' आणि 'वाढू?' बाकीचं सगळं मामाजी बोलतात.

मी चादरीमागून झाडाचं अर्धवट दर्शन घडवलं. भैयाजी एक पाऊल पुढे टाकणार, तेवढ्यात मी दंडाला धरून वळवलं, "आधी जेवण! रस्सा थंड होतो!"

"हो गा भैयाजी, जेवू आधी. झाड कुठं पळून चाललं?" मामाजी म्हणाले. मी मनातल्या मनात मामाजींच्या पाया पडलो.

ताटं वाढली. माझा बेत लोण्यासारखा चालला होता. आणि स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला. हो, मामींचा!

"मिनल, गव्हाच्या कोठीत हे काय वं? कोंबडा कोंडला का?"

पोळ्यांना कणीक कमी पडेल म्हणून त्या एकेक कोठी उघडून पीठ शोधत होत्या. भुर्रसिंगला पंखाने धरून त्या बाहेर आल्या आणि उन्नतीने अशी किंकाळी फोडली की चारुलता वहिनींनी वरून पाय आपटला.

"बाबा! तू तं म्हटलं तो डोंगरावर गेला!"

"आला वाटतं परत," मी म्हटलं.

भैयाजींना तो प्राणी फार आवडला. "काय हाय हे बाई?" त्यांनी विचारलं आणि उन्नतीने त्यांना सगळं समजावून सांगितलं. सोनेरी डोंगर, राखणदार, आणि तो नियम. ज्याचा हात आत, त्याच्या तोंडून फक्त खरं.

"अरे वा! मग विचारू काही याले?" भैयाजी म्हणाले. उन्नती हात आत घालायला लागली आणि माझ्या डोळ्यांसमोर चौदा लिंबं गरगरली.

"मी! मी घालतो हात!" मी झडप घातली. हिशेब सरळ होता: हात माझा, तर तोंडही माझं. काय निघायचं ते मी ठरवणार! रस्सा लागलेल्या बोटांनीच मी भुर्रसिंग चढवला आणि बारीक आवाज काढला, "विचारा, विचारा!"

पण विचारलं उन्नतीने. अगदी गोड आवाजात, जुन्या मित्राशी बोलावं तसं. "भुर्रसिंग, काल बाबाने झाडाचं काय तोडलं?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे भुर्रसिंगकडे.

"पा... पानं," भुर्रसिंग म्हणाला. "वाळलेली पानं."

उन्नती नुसती भुर्रसिंगकडे बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरायला लागला. "खोटं बोलला," ती हळूच म्हणाली. "भुर्रसिंग खोटं बोलला."

वाचकहो, मी सासऱ्याला दोन वर्षं फसवलं होतं, बायकोला फसवलं होतं, आणि आता एका अध्यक्षांनाही फसवायला निघालो होतो. त्याचं काही वाटलं नव्हतं. पण त्या ओठाने माझं पाणी पाणी झालं. ती रागावली नव्हती हो, तिला दुःख झालं होतं. तिचा एकमेव खरं बोलणारा मित्र माझ्या हातात मरत होता!

भुर्रसिंगची चोच उघडली. आवाज बारीकच निघाला, पण शब्द माझे होते.

"लिंबं. चौदा."

"लिंबं?" मिनल म्हणाली.

"संत्र्याले लिंबं?" मामाजी म्हणाले.

भैयाजी मात्र उठले. हात धुतले, गॅलरीत गेले, ओली चादर बाजूला सारली, एक पान खुडलं, बोटांत चुरगळलं, नाकाशी नेलं आणि परत येऊन बसले. "मारोतराव, कागदी लिंबू हाय ते."

मग भुर्रसिंगने सगळं सांगितलं. मे महिना, काडी, नर्सरी. मला हात बाहेर काढायचं सुचलंच नाही. अख्खी कबुली मी त्या चोचीतून, त्या बारीक आवाजात दिली.

"म्हणजे ती फ्रिजमधली लिंबं!" मिनल म्हणाली. "मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, आमच्या ह्यांना लिंबं काय पारखता येतात!"

मामाजी उभे राहिले. चेहरा लालबुंद. "दोन वर्षं! दोन वर्षं मी लिंबाच्या झाडावरून हात फिरवला! चार माणसांत सांगतलं! अन तुम्ही, जवाई असून..." त्यांनी पुढ्यातलं ताट सरकवलं. "उठ वं शामला. चाललो आपण. या घरचं पाणी नको आपल्याले."

मिनलचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, असं काय करता..."

मामी मात्र उठल्या नाहीत.

त्यांनी माझ्याजवळ येऊन शांतपणे हात पुढे केला. मी भुर्रसिंग उतरवून दिला. त्यांनी पदराने त्याच्या चोचीवरचा रस्सा पुसला, बांगड्या वर सारल्या आणि हात आत घातला. चोच एकदा उघडून, मिटून पाहिली. मग भुर्रसिंग मामाजींकडे वळला.

"बसा खाली," भुर्रसिंग म्हणाला.

मामाजी बसले! अहो, माणूस घाबरून बसतो तसे नाही. खुर्ची मागे आहे की नाही तेही न बघता बसले. नशीब, होती.

"ते लिंबू हाय, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं," भुर्रसिंग म्हणाला. आवाज बारीक नव्हता. मामींचाच होता, फक्त आम्ही तो कधी इतका सलग ऐकला नव्हता. "पानाचा वास आला मले. पण तुम्ही खुश होऊन राहिले होते."

"काहून नाही सांगतलं मंग?"

"तुम्ही विचारलं काहून नाही?"

 भुर्रसिंगकडे सांगायला अजून बरंच होतं.

"अन वावरातलंही सांगतो म्हणते हा. संत्र्याचं कलम जंबेरीच्या खुंटावर बांधतात. जंबेरी म्हणजे जंगली लिंबूच. वरचा संत्र्याचा डोळा मेला की खालून जंबेरी फुटते. आपली चाळीस झाडं हायेत. त्यातली एकतीस जंबेरी हायेत. मी मोजली."



"भैयाजी," मामाजी वळून म्हणाले, "हे खरं होय?"

भैयाजींनी आधी छताकडे पाहिलं, मग ताटाकडे. "हो गा. तीन वर्षांआधी आलो होतो तुह्या वावरात, तवाच दिसलं. पण तू इतका आनंदाने झाड दाखवत होता! मी म्हटलं, कायले माणसाचं मन मोडावं?"

"अन कुंडीतला संत्रा पाहाले काहून आला मंग?"

"मले वाटलं, वावरात नाही तं कुंडीत तरी जमलं असल."

 पाच वर्षं मामाजींनी पहाटे उठून पाणी दिलं होतं. मला वाटलं, आता हे रडतात की काय. मी पुढे झालो, "मामाजी, चूक माझी आहे..."

त्यांनी हात वर केला. "म्हणजे पाच वर्षं मी पाणी देऊन राहिलो, ते..."

"लिंबाले," भुर्रसिंग म्हणाला. "नऊ सोडून."

आधी भैयाजींच्या नाकातून एक आवाज निघाला. मग मिनलने तोंडावर ओढणी धरली. मामाजी त्या दोघांकडे रागाने बघत होते, बघत होते, आणि एकदम त्यांचं पोट हलायला लागलं. हसताना त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की वरण भैयाजींच्या मांडीवर! "एकतीस! अन मी मंडळात संत्र्यावर तीन भाषणं देल्ली!" डोळे पुसत ते माझ्याकडे वळले. "काढा ते चौदा लिंबं फ्रिजमधून. सरबत तरी करा, जवाईबापू!"

सरबत झालं. मामींनी ते डाव्या हाताने प्यायलं, कारण उजव्या हातात भुर्रसिंग होता आणि त्याचं बोलणं संपलं नव्हतं. मामींना कारलं आवडत नाही, पण मामाजी दर बाजाराला कारलं आणतात. मामींना एकदा विमानात बसायचं आहे. मामाजींच्या धाकट्या बहिणीने नेलेली पैठणी मामींनी प्रेमाने दिली नव्हती, मामाजींनी न विचारता देऊन टाकली होती. मामाजी आधी 'हां' म्हणत होते, मग मान हलवायला लागले, शेवटी नुसतं ऐकत राहिले.

संध्याकाळी निघताना मामींनी भुर्रसिंग काढून उन्नतीपुढे धरला. उन्नतीने तो परत त्यांच्या पिशवीत टाकला.

"तू ने आजी. माझं बोलून झालं. तुझ्याजवळ लई साठलं आहे."

आठ दिवस सगळं शांत होतं. नवव्या दिवशी मामाजींचा फोन आला. आवाज इतका दबलेला, की मला वाटलं गोठ्यातून बोलताहेत. खरंच गोठ्यातून बोलत होते.

"जवाईबापू, ते जनावर आणखी एक मिळते का?"

"का हो मामाजी? फाटलं का?"

"फाटते कशाचं! घरात नियम झाला आता. हातात भुर्रसिंग असल त्यानेच बोलाचं. अन तो हिच्या हातातून उतरतच नाही! काल कारलं आणलं तं त्याने मले परत बाजारात पाठवलं. भैयाजी हसून राहिला तिथं. मले बोलाले एक पाहा. चोच मोठी असल असं."

मी शोधलं. भुर्रसिंग संपले होते. ड्रॅगन संपले होते. एक शिंगवाला घोडा होता, पण त्याला तोंड उघडता येत नव्हतं. सरतेशेवटी शिल्लक होतं एकच: कासव. आत हात घालून मूठ मिटली की त्याची मान कवचात जाते. तेच सावनेरच्या पत्त्यावर पाठवलं आणि दोन दिवसांनी भीतभीत फोन केला.

"कसं आहे मामाजी?"

"चांगलं हाय," मामाजी म्हणाले. मागून मामींचा सलग, ठणठणीत आवाज येत होता. "बोलता नाही येत याले. पण ती सुरू झाली की मी मान आत घेतो. लई आराम वाटते."

हे ऐकून मला फार बरं वाटलं. मिनलला अजून सांगितलेलं नाही, पण कासवं मी दोन मागवली होती.